एका चावीतल्या तीन चाव्या

(सोलापुरात रविवारच्या कट्ट्यावर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. फलकावर विषय लिहिलाय, ‘गाडीची चावी: हरवली तर, बिघडली तर’. त्यावर बोलायचंच आहे, पण आधी एक विनंती. आपापली गाडीची चावी बाहेर काढा आणि हातात धरा. काढलीत? आता दुसरी चावी कुठे आहे ते आठवा. कपाटात? देव्हाऱ्याखालच्या खणात? पुण्याच्या मुलाकडे? (हशा) दुसरी चावी जागेवर आहे आणि चालते, हे गेल्या सहा महिन्यांत कुणी तपासलंय? दोनच हात वर. बरं झालं आलात सगळे.

मी सांगायला आलोय ती गोष्ट एकच आहे. हातात एक चावी दिसते, पण तिच्यात तीन चाव्या असतात. लोखंडी पातं कुलूप फिरवतं. चिप इंजिनाला परवानगी देते. रिमोट दारं उघडतो. तिघींची कामं वेगळी, दुखणी वेगळी. नेमकी कुठली दुखतेय हे न बघता दुकानात गेलात, की तिघींचे पैसे मोजून परत येता.

माझ्या मेहुण्यांची गोष्ट सांगतो, म्हणजे नीट कळेल. त्यांची जुनी हॅचबॅक आहे. चावीचं प्लास्टिक फुटलं होतं, रबरी बटणं आत गेली होती. संध्याकाळी फिरायला गेले, तेव्हा एका टपरीवर नवं कव्हर बसवून घेतलं. पातं नव्या कव्हरात, रिमोटची सर्किटची पट्टी नव्या कव्हरात, चावी अगदी चकाचक. घरी येऊन बटण दाबलं, दारं उघडली. जुन्या कव्हराचे तुकडे धाकट्या मुलीनं खेळायला मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. सगळ्यांना घेऊन अक्कलकोटला निघायचं होतं. स्टार्टर मारला, इंजिन लागलं आणि दोन सेकंदांत बंद. पुन्हा मारला, पुन्हा तेच. गाडी टो करून एका वर्कशॉपला नेली. तिथं आधी बॅटरी बदलली. मग फ्यूल पंप बघितला. मग सांगितलं, ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक गेला, बाहेरून मागवावा लागेल. रक्कम ऐकून ताई मला फोनवर म्हणाली, “अरे, एवढ्यात तर सेकंडहँड गाडी येईल!”

मी गेलो. किल्ली फिरवून डॅशबोर्डकडे बघितलं, तर चावीच्या आकाराचा दिवा लुकलुकत होता. गाडी स्वतः सांगत होती की मला चावी ओळखू येत नाही! एवढ्या दिवसांत त्या दिव्याकडे एकानंही बघू नये? मला त्याचा आजही राग येतो. तपासण्याआधी निदान, आणि निदानाआधी बिल. चुकीचा पार्ट बदलला तरी त्याचे पैसे गिऱ्हाइकानंच द्यायचे, हा कुठला न्याय?

मी चावी घेऊन नवी पेठेतल्या एका चावीवाल्याकडे गेलो. वयस्कर माणूस, समोर कोऱ्या चाव्यांचे झुबके टांगलेले. त्यानं नखानं कव्हर उघडलं, एक रिकामा कप्पा स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दाखवला आणि म्हणाला, “साहेब, ह्यात चिपच नाही की! जुनं कव्हर कुठाय?”

जुनं कव्हर भातुकलीच्या डब्यात होतं. त्यात कोपऱ्याला गोंदानं चिकटलेला एक काळा तुकडा, चिंचोक्याहून लहान. तो नव्या कव्हरात बसवला आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. चावीवाला पैसे घ्यायला तयार नव्हता. आमच्या मेहुण्यांनी बळंच खिशात घातले.

म्हणून सांगतो, कव्हर बदलताना समोर उभं राहा, चिप कुठली ते विचारा, आणि जुने तुकडे गाडी सुरू होईपर्यंत फेकू नका. बऱ्याच चाव्यांत चिप रिमोटच्या पट्टीवरच असते, पण पुष्कळ जुन्या चाव्यांत ती अशी सुटी असते.

ही चिप मोठी नामी वस्तू आहे. तिला सेल लागत नाही. स्टार्टरच्या कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. बहुतेक गाड्यांत ते १२५ किलोहर्ट्झच्या लहरी सोडतं, त्यावरच चिप जागी होते आणि आपली ओळख पटवते. ओळख पटली तर इंजिन चालू राहतं, नाहीतर बंद. म्हणून रिमोटचा सेल संपला तरी गाडी सुरू होते. याचं नाव इमोबिलायझर. जर्मनीत नव्या गाड्यांना तो १९९८ पासून सक्तीचा आहे, कॅनडात २००७ पासून. अमेरिकेत सक्ती केली नाही. त्याचा परिणाम असा, की चिप नसलेल्या ह्युंदाई आणि किया गाड्या २०२२ च्या सुमारास पोरं युएसबी केबलच्या टोकानं कुलूप फिरवून पळवायला लागली. चिपेची चावी महाग का, असं विचारता ना? या एका चिपेनं किती गाड्या दारात राहिल्यात, ते बघा.

आता सेल. बहुतेक रिमोटमध्ये सीआर २०३२ असतो, म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. काहींत २०२५ किंवा २०१६, म्हणून जुना सेल दुकानात घेऊन जा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर चावी ठेवू नका, हे सेल साधारण ६० अंशांपर्यंतच्याच उष्णतेसाठी बनवलेले असतात. काही सेलवर मुलांनी गिळू नये म्हणून कडू लेप असतो. असा सेल काही रिमोटमध्ये नीट टेकत नाही, कोरड्या फडक्यानं कडा पुसून बघा.

आणि इथं मी थांबून सांगतो, आजी-आजोबांनी ऐका. घरात नातवंडं असतील तर काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. गिळलेला सेल घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो, आणि ‘संपलेला’ सेलसुद्धा जाळतो. काढला की दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. गिळल्याची शंका जरी आली, तरी उलटी काढत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं राहिलीत. मुख्य भाग भराभर सांगतो.

रिमोट चालत नाही, गाडी सुरू होते: सेल. नव्या सेलनंही होत नसेल तर बटणाखालचा बारीक स्विच किंवा सोल्डरचा सुटलेला टाका. तो टाका मोबाइल दुरुस्तीवालाही मारून देतो. नातवंडानं गाडीपासून लांब बटण शंभर वेळा दाबलं असेल, तर रिमोटचा बदलता कोड गाडीच्या पुढे निघून गेलेला असू शकतो. जुळवायची रीत गाडीच्या पुस्तिकेत असते.

रिमोट चालतो, गाडी सुरू होत नाही, चावीचा दिवा लुकलुकतो: चिप. अशा वेळी दुसरी चावी लावून बघा. दुसरीनं झाली तर दोष पहिल्या चावीत. दोन्हींनी नाही झाली तर दोष गाडीत, आणि मग नवी चावी करून उपयोग नाही.

बटण दाबून सुरू होणारी गाडी ‘चावी सापडत नाही’ म्हणत असेल, तर बऱ्याच गाड्यांत रिमोटच स्टार्टच्या बटणाला टेकवून दाबायचा. दार उघडायला रिमोटच्या पोटात लोखंडी पातं असतं. कुलपाचं भोक कधीकधी हँडलच्या टोपीखाली लपलेलं असतं. हे आज घरी जाऊन करून बघा, रात्री पंढरपूर रस्त्यावर शिकू नका. आणि आधी गाडीची मोठी बॅटरी तपासा, ती मंद असली तरी हाच संदेश येतो.

गड्ड्याच्या जत्रेत, गर्दीत चावी हरवली? पोलिसांत नोंद करा. नवी चावी करताना हरवलेली चावी गाडीच्या स्मरणातून पुसायला सांगा. चावीसोबत आलेली नंबराची पट्टी घरी जपून ठेवा, पातं त्यावरून कापतात. दोन्ही चाव्या गेल्या तर खर्च आणि खटपट कितीतरी वाढते, कारण नवी चावी ओळखायला गाडीला शिकवायचं, तर जुनी चावी उरत नाही. म्हणून दुसरी चावी पहिली हातात असतानाच करून घ्या. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. जुनी गाडी घेतानाही दोन्ही मागा.

वेळ संपली. रिमोटच्या लहरी लांबवून गाडी चोरतात, तो भाग राहिला. विचारलात तर खाली उतरून सांगतो. मागच्या टेबलावर व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर ठेवलाय. कोरा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. ज्यांना सेल तपासायचे असतील त्यांनी रांगेत या, आणि निघताना आपलीच चावी नेताय ना, बघून घ्या.