सहाव्या वर्षी गुपचूप येणारी दाढ

(दृश्य: पंचवटी, सकाळ. शाळेच्या रिक्षात दाटीवाटीने बसलेली पहिलीतली मुलं.)

यातल्या कुणालाही आ करायला सांगा आणि खालच्या जबड्यात अगदी मागे बघा. दुधाच्या दाढांमागे एक रुंद, खाचाखाचांची दाढ डोकावत असेल. ही कायमची दाढ. तिच्यासाठी आधी कुठलाच दात पडत नाही, म्हणून ती आल्याचं घरात कळतही नाही. मग ती किडली की म्हणतात, "पडेल की, दुधाचीच आहे." ती पडायची नसते.

(दृश्य: रामकुंडाजवळची प्रसादाची दुकानं. बत्तासे, साखरफुटाणे.)

दातांवरच्या थरातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात. पीएच (आम्लता मोजायचा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली उतरला, की दाताचं कवच विरघळू लागतं. लाळ हे आम्ल सौम्य करते, पण तिला अर्धा-पाऊण तास लागतो. मूठभर साखरफुटाणे एकदम खाऊन टाकले तर तेवढं बिघडत नाही. खिशात ठेवून दुपारभर एकेक चघळले, की लाळेला उसंतच नाही. निफाडकडच्या मनुका पौष्टिक खऱ्या, पण दाढेच्या खाचेत चिकटतात. द्यायच्या तर जेवणाबरोबरच द्या.

(दृश्य: दवाखाना. हवेच्या झोताने वाळवलेली दाढ, जवळून.)

कीड सुरुवातीला काळी नसते, खडूसारखी पांढरी असते, आणि ओल्या दातावर दिसत नाही. म्हणून दाढ आधी वाळवायची. टोकदार सळई खाचेत रुतवून बघू नये. मऊ झालेलं कवच तिनेच मोडतं. या टप्प्यावर फ्लोराइड वार्निशने, म्हणजे दातावर लावायच्या फ्लोराइडच्या लेपाने, डाग थोपवता येतो.

खाच खोल पण निरोगी असेल, तर सीलंट, म्हणजे खाच बुजवणारा पातळ थर. दाढ स्वच्छ करून कापसाच्या गुंडाळ्या लावतात. 37 टक्के फॉस्फोरिक आम्लाचं जेल 15 ते 30 सेकंद, मग धुऊन वाळवलं की दाढ पांढुरकी दिसते. त्यावर पातळ रेझिन (प्लास्टिकसारखं द्रव्य) आणि ते घट्ट व्हायला साधारण 20 सेकंद निळा प्रकाश. सुई नाही, ड्रिल नाही. काम फसतं ते बहुतेकदा लाळेमुळे. जेल धुतल्यावर जीभ लागली, तर पुन्हा जेलपासून सुरुवात. डॉक्टरांनी घाई केली, तर सीलंट लवकरच सुटून येतं.

खड्डा पडला असेल तर फिलिंग. रात्री ठणका लागला, तर मात्र प्रकरण नसेपर्यंत गेलेलं असू शकतं. सात-आठ वर्षांच्या मुलात या दाढेच्या मुळांची टोकं अजून उघडी असतात, त्यामुळे नेहमीचं रूट कॅनाल जमत नाही. आधी नस जगवायची धडपड करावी लागते.

(दृश्य: रात्र. बेसिनपुढे मूल, मागे उभी आई.)

नवी दाढ शेजारच्या दाढेपेक्षा बुटकी असते, त्यामुळे सरळ फिरवलेला ब्रश तिच्या वरून निघून जातो. ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालायचा. पेस्ट वाटाण्याएवढी, 1000 पीपीएम फ्लोराइडची. घासून झालं की थुंकायचं, चूळ भरायची नाही.