गाईचं वजन किती?

(सकाळ. माध्यमिक शाळेच्या मागच्या बाजूचा गोठा. गळ्यातल्या घंटेचा आवाज.)

ही ढवळी. शाळेला लागून ज्यांचं शेत आहे त्यांची गाय. तिच्याभोवती आठवीची सात मुलं उभी आहेत. एकीच्या हातात शिंप्याची फीत, दुसऱ्याच्या हातात वही. एकजण ढवळीला कडबा चारतोय, म्हणजे ती जागची हलणार नाही.

पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्यायचा. फीत आवळायची नाही आणि सैलही सोडायची नाही. पण शिंप्याची फीत 60 इंचांची, ती टोकाला टोक भिडतच नाही. मुलगी क्षणभर थांबते. मग गोठ्यातली सुतळी येते, घेर जिथे पुरा होतो तिथे गाठ पडते आणि सुतळी जमिनीवर ताणून मोजली जाते. 64 इंच. आता खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंतची लांबी. 54.

वहीत गणित मांडलं जातं. 64 गुणिले 64 गुणिले 54, भागिले 300. उत्तर येतं पौंडांत, 737. किलोत केलं की साधारण 334.

जंताचं औषध जनावराच्या वजनावर द्यायचं असतं. खुराकही त्यावरच ठरतो. गोठ्यात काही वजनकाटा नसतो, म्हणून हे सूत्र. पशुवैद्यक ते वर्षानुवर्षं वापरत आलेत. या मुलांना मात्र ते आज सुतळीतून सापडलंय.

(गोठ्याच्या कोपऱ्यातलं पाण्याचं पिंप.)

वही धरलेला मुलगा विचारतो, "बाई, घेराचाच वर्ग का? लांबीचा का नाही?"

बाई उत्तर देत नाहीत. कोपऱ्यातलं रिकामं पिंप आडवं पाडायला सांगतात. मुलं पिंपाकडे बघतात, मग ढवळीकडे बघतात, आणि हसू फुटतं. गाय म्हणजे आडवं पिंप! म्हणजेच पुस्तकातली वृत्तचिती. घनफळ पाय आर वर्ग एच, आर म्हणजे त्रिज्या, एच म्हणजे पिंपाची लांबी. त्रिज्या मोजायला गाईच्या पोटात शिरता येत नाही, पण घेरावरून ती काढता येते, आणि वर्ग तिथून येतो.

पुढचा अर्धा तास बघण्यासारखा आहे. पिंपात पाणी भरलंय असं धरून मुलं तोच हिशेब पुन्हा करतात. भाजक 300 येत नाही, 348 च्या आसपास येतो. म्हणजे खरी गाय पाण्याच्या पिंपापेक्षा जड भरतेय. जास्तीचं वजन आलं कुठून? मागच्या बाकावर बसणारा एकजण म्हणतो, "डोकं धरलंच नाही की आपण. मान, पाय, काहीच नाही."

मी शाळेत असताना वृत्तचितीची वीस-पंचवीस उदाहरणं सोडवली होती. सगळी बरोबर आली होती. पण वृत्तचिती कुठे असते, हे मला कुणी विचारलं नाही आणि मलाही ते विचारावंसं वाटलं नाही. आज या गोठ्यात उभं राहून मला या मुलांचा हेवा वाटला.

(डोंगराळ, कोरडी जमीन. रस्त्यावरची पाटी: पाबळ.)

असं शिकवणं कुठून आलं हे शोधायचं तर शिरूर तालुक्यातल्या पाबळला यावं लागतं. पुण्याहून लोक इथे येतात ते बहुधा मस्तानीची समाधी बघायला. गाव पर्जन्यछायेतलं, पाऊस कमी. 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग इथे आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून अन्न तंत्रज्ञानात डॉक्टरेट आणि मुंबईत एका मोठ्या कंपनीत संशोधनाची वरची जागा, इतकं सगळं पाठीशी असलेला माणूस मुद्दाम अवर्षणाच्या गावात येऊन राहिला.

शाळेत नापास झालेली, शाळा सुटलेली मुलं त्यांनी हाताशी घेतली. वेल्डिंग, गवंडीकाम, नळजोडणी, माती परीक्षण, कोंबडीपालन, स्वयंपाकघर, वायरिंग, सगळंच. एक वर्ष तिथेच राहून शिकायचं. कलबागांचा धरून ठेवलेला मुद्दा असा होता की नापास झालेल्या मुलाची बुद्धी कमी नसते, त्याच्यापर्यंत शिकवणं चुकीच्या वाटेने आलेलं असतं. हाताने काम करताना माणूस निसर्गतःच शिकतो. मूल बोलायला शिकतं, सायकल शिकतं, ते काही वर्गात बसून शिकत नाही.

यातूनच पुढे माध्यमिक शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय उभा राहिला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस. अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, गृह आणि आरोग्य, शेती आणि पशुपालन. शिकवणाऱ्यांत गावातला कारागीरही असतो. आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट अशी की मुलांनी केलेलं काम कुणाच्या तरी उपयोगी पडतं. बाकाचा पाय जोडला जातो, शेतकऱ्याला मातीचा अहवाल मिळतो. चुकलं तर बाक डुगडुगतो. लाल शाईची फुली मारावी लागत नाही.

(आश्रमाच्या आवारातला घुमट. कॅमेरा आतून वर.)

पाबळच्या आवारात हे घुमट दिसतात. आत मधोमध एकही खांब नाही. वर बघा, नुसते त्रिकोण. लोखंडी पट्ट्या बोल्टने जोडत जोडत त्रिकोणाला त्रिकोण.

इथून एक छोटं वळण घेऊ, काडेपेटीकडे.

(जवळून: सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा, दोन काड्या.)

सायकलच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह ट्यूब. तिचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे करायचे. तुकड्याच्या दोन टोकांत दोन काड्या खुपसल्या की झाला सांधा, वाकणारा. चार काड्यांचा चौकोन करा आणि कोपऱ्यावर बोटाने दाबा. तो कलतो, समभुज चौकोन होतो, आणखी दाबलं की आडवाच. आता तीन काड्यांचा त्रिकोण. दाबा. जोर लावा. काडी मोडेल, पण आकार बदलणार नाही.

नववीच्या भूमितीत याला बाबाबा कसोटी म्हणतात. बाजू, बाजू, बाजू. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला. आपण सगळ्यांनी ती पाठ केली. पुलाच्या कैचीत, विजेच्या मनोऱ्यात, पाबळच्या घुमटात हीच कसोटी भार पेलून उभी असते, हे त्या तासाला बोटांना कळलं असतं तर सिद्धता घोकावी लागली नसती.

हे काड्यांचं मेकॅनो अरविंद गुप्तांचं. आयआयटी कानपूरचे अभियंते, पुण्यात ट्रकच्या कारखान्यात नोकरी. 1978 मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले. तिथे 1972 पासून सरकारी शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम चालू होता. आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांना हा सांधा सुचला. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं टाकाऊतून खेळणी केली, हजारो मुलांच्या हातात दिली, त्यांचे व्हिडिओ सगळ्यांसाठी मोफत खुले केले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता कुणी म्हणेल, काड्या आणि सुतळी हे कसलं तंत्रज्ञान? पण त्यांचे व्हिडिओ गावोगावी पोहोचले ते इंटरनेटमुळेच. पडद्यावर दोन मिनिटं बघायचं आणि मग पडदा बंद करून काड्या हातात घ्यायच्या, या क्रमाने चालणारे वर्ग मी पाहिलेत, आणि ते वेगळेच असतात. तिथे गोंगाट असतो, पण त्या गोंगाटात कामाचीच भाषा असते.

(बंद खोली. आच्छादन घातलेला प्रोजेक्टर.)

उलटंही पाहिलंय. एका शाळेत आम्हाला मोठ्या अभिमानाने डिजिटल वर्ग दाखवला. पडद्यावर मुगाला मोड येत होते, सुंदर चित्रण, मागे संगीत. मुलं हाताची घडी घालून बसलेली. बाहेर पावसाळी माती भिजलेली, स्वयंपाकघरात पोषण आहाराचे मूग. कुणी मूठभर भिजत घातले नाहीत. मला राग आला तो शिक्षकांचा नाही. त्यांच्या डोक्यावर किती कामं आहेत ते ठाऊक आहे. पण एवढा खर्च करून आपण मुलांना फळ्याऐवजी पडद्याकडे बघायला शिकवलं, एवढंच झालं. मोड आलेल्या मुगाला जो वास येतो तो त्या खोलीत नव्हता.

सोलापूर जिल्ह्यातलं परितेवाडी मात्र वेगळं सांगतं. माढा तालुक्यातलं छोटं गाव. रणजितसिंह डिसले 2009 मध्ये तिथल्या जिल्हा परिषद शाळेत आले. त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापले. फोन धरला की कविता ऐकू येते, धड्याचा व्हिडिओ दिसतो. पुढे राज्याच्या पुस्तकांतही कोड आले. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटली. कविता पुन्हा ऐकायची का, किती वेळा ऐकायची, हे तिथे मूल ठरवतं. मला त्या कोडचं महत्त्व वाटतं ते यासाठी.

(कागद, घड्या, काचेची बारीक गोळी.)

आणि हे फोल्डस्कोप. कागदाच्या घड्या घालून मुलाने स्वतः जुळवलेला सूक्ष्मदर्शक. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनु प्रकाश यांच्या चमूने 2014 च्या सुमारास तो जगापुढे आणला. मनु प्रकाश हे मूळचे मेरठचे. भिंग म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी काचेची गोळी, वस्तू 140 पट मोठी दिसते. सतराव्या शतकात लेव्हेनहुक या डच माणसाने एकाच बारीक भिंगातून थेंबातले जीव पाहिले होते, त्याच घराण्यातलं हे यंत्र.

आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक एक होता. कुलपातला. वर्षातून एकदा रांगेत उभं राहून प्रत्येकी दहा सेकंद. मला आत फक्त माझ्याच पापण्या दिसल्या होत्या, आणि "दिसलं का?" या प्रश्नाला मी "हो" म्हटलं होतं.

इथे सातवीतली मुलगी कांद्याचा पातळ पापुद्रा काढते, काचपट्टीवर ठेवते, उजेडाकडे धरते. पहिल्यांदा धूसर. कागदाची पट्टी केसभर सरकवते. एकदम विटांची भिंत उभी राहते. ती मागे बघते, पुन्हा डोळा लावते. मग लोहचुंबकाने तेच भिंग फोनच्या कॅमेऱ्याला चिकटवतात आणि आख्खा वर्ग तिने शोधलेल्या पेशी बघतो. पडदा इथेही आहे, पण त्यावर जे दिसतंय ते तिचं आहे.

(लेझर कटरची ठिणगी.)

यंत्रं आता मोठी होत चाललीत. पाबळला 2002 मध्ये एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची कार्यशाळा, सुरू झाली, एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी ही एक. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायच्या शाळेतल्या प्रयोगशाळा, 2016 पासून देशभरात जवळपास 10,000 शाळांत पोहोचल्या, प्रत्येकी 20 लाखांपर्यंत अनुदान. 2025 च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांत आणखी 50,000 लॅब जाहीर झाल्या. थ्रीडी प्रिंटर आता तालुक्याच्या गावी दिसतो. माझी कळकळीची विनंती एकच आहे, त्या खोलीची किल्ली मुलांना सापडेल अशा जागी ठेवा. यंत्र मोडलं तर मोडू द्या. दुरुस्तीही त्यांनाच करू द्या.

(पुन्हा गोठा. ऊन वर आलेलं.)

इकडे ढवळीपाशी भांडण लागलंय. दुसऱ्या गटाचा घेर 65 इंच आलाय. एका इंचाने वजन साडेदहा किलोंनी वाढलं. लांबीत एक इंच चुकवून बघितला, तर फरक सहाच किलोंचा. बाई अजूनही कोण बरोबर ते सांगत नाहीत. फोनवरच्या तक्त्यात दोन्ही आकडे भरले जातात, तारखेसह.

तेवढ्यात कडबा चारणारा मुलगा, जो सकाळपासून काहीच बोलला नव्हता, ढवळीच्या वासराकडे बोट दाखवतो.

"बाई, याचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आहे. याला पण 300 नेच भागायचं?"

बाई वासराकडे बघतात. मग सुतळी त्याच्या हातात देतात.