समुद्रातून काढलेल्या माणसाला उभं करू नका, चोळू नका

नमस्कार मंडळी. "कोकणात कसला हायपोथर्मिया? बर्फ पडतो का इथे?" ही कमेंट काही थांबत नाही, म्हणून हा व्हिडिओ.

अहो, समुद्राचं पाणी २७-२८ अंश आणि अंग ३७ अंश. त्यात पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने ऊब ओढून घेतं. ऑगस्टमध्ये होडी उलटली, खलाशी रात्रभर पाण्यात, वरून पाऊस-वारा. शरीराच्या आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की झाला हायपोथर्मिया.

३५ ते ३२ मध्ये कडकडून हुडहुडी भरते, पण माणूस बोलतो. ३२ च्या खाली जीभ जड, बरळणं, सुस्ती, आणि हुडहुडी थांबते. ती थांबली म्हणजे "बरा झाला" नव्हे! घरचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, त्याचं माप ३५ च्या आसपासच सुरू होतं.

आता मुद्द्याचं. माणूस आडवा ठेवा. पाण्याचा दाब पायांतलं रक्त वर ढकलत असतो. काखेत धरून उभा ओढलात की तो दाब गेला, रक्त पायांत उतरलं, रक्तदाब कोसळला. म्हणून एक दोर काखेखालून, एक गुडघ्यांखालून, आणि आडवाच वर घ्या. श्वास बंद असेल किंवा लाटा उसळत असतील, तर मात्र जमेल तसा काढा.

होडीतही आडवाच. ओला शर्ट डोक्यावरून ओढू नका, कात्रीने कापा. अंग टिपा, चोळू नका. गोधडी अंगाखालीही घाला, डोकं झाका, वरून वाऱ्याला ताडपत्री.

जेटीवरही आडवाच! "जरा चालव, गरम होईल" म्हणणारा एक तरी भेटतोच. नाही चालवायचं. साधारण ३० च्या खाली हृदय इतकं हळवं होतं की नुसत्या हिसक्याने ठोके बिघडून बंद पडू शकतं.

गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून छातीला, काखेत लावा. हातापायांना नको. पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळत असेल तरच गोड चहा. आणि ती ब्रँडी ठेवा बाजूला. तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, वरवर ऊब वाटते आणि आतली ऊब निघून जाते.

"धक्का नको म्हणता, मग छाती कशी दाबायची?" प्रश्न रास्त आहे. श्वास अगदी मंद असू शकतो, म्हणून मिनिटभर नीट बघा. नसेलच, तर तो हळुवारपणा विसरा. आधी तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीवर ३० दाब, दोन श्वास, आणि थांबू नका. गारठलेला मेंदू जास्त वेळ तग धरतो; अंग गार आणि ताठर लागलं म्हणून गेला असं ठरवू नका, ते डॉक्टर बघतील. हॉस्पिटलातही ३० च्या खाली अ‍ॅड्रेनालिन (हृदय चालू करायचं औषध) सहसा राखून ठेवतात आणि हृदयाला विजेचे शॉक तीनच देतात, बाकी भर अंग तापवण्यावर.

किनाऱ्यावर १०८, समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा १५५४. फोनवर तीन गोष्टी सांगा: पाण्यात किती वेळ होता, शुद्धीत आहे का, आणि हुडहुडी चालू आहे की थांबली.