नारिंगी जाकीट

[दृश्य: काळा पडदा. फक्त वाऱ्याचा आवाज.]

१६ मार्च २००३. गाझा पट्टीचं दक्षिण टोक, रफाह. सीमेपलीकडे इजिप्त.

संध्याकाळचे पाच वाजत आलेत. एका औषधविक्रेत्याच्या घरासमोर एक मुलगी उभी आहे. वय तेवीस. अंगात नारिंगी जाकीट, रस्त्याच्या कामावरची माणसं घालतात तसलं, चमकत्या पट्ट्यांचं. या जाकिटाचा उपयोग एकच असतो. इथे माणूस आहे, हे लांबून दिसावं.

समोरून बुलडोझर येतोय. आपल्या गल्लीत येणारा जेसीबी डोळ्यांसमोर आणू नका. हा कॅटरपिलर कंपनीचा डी-नाइन. लष्करी चिलखत चढवल्यावर याचं वजन पन्नास टनांच्या वर जातं. चालक उंचावर, जाड काचेआड बसतो. पात्यापुढे माती ढकलत तो घराच्या दिशेनं येत राहतो.

मुलीच्या साथीदारांनी नंतर सांगितलं, ती मातीच्या ढिगावर चढली होती, चालकाला दिसेल इतकी वर आली होती. चालकानं सांगितलं, मला ती दिसली नाही.

त्या बुलडोझरपुढे जीव गेलेल्या या मुलीचं नाव रेचल कॉरी.

[दृश्य: ऑलिंपिया शहर. खाडीकाठ, बोटी, पाऊस.]

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, ऑलिंपिया नावाचं शहर आहे. समुद्राची एक चिंचोळी खाडी थेट गावात शिरते. रेचल इथे वाढली, इथल्याच एव्हरग्रीन स्टेट कॉलेजात शिकली. जानेवारी २००३ मध्ये ती इंटरनॅशनल सॉलिडॅरिटी मूव्हमेंटची स्वयंसेवक म्हणून निघाली. पॅलेस्टिनी, इस्रायली आणि परदेशी कार्यकर्त्यांनी मिळून २००१ मध्ये उभी केलेली ही संघटना. शस्त्र हातात घ्यायचं नाही. घरांसमोर, विहिरींपाशी, तपासणी नाक्यांवर नुसतं उभं राहायचं. परदेशी पासपोर्ट असलेलं माणूस उभं असेल तर सैनिक जरा थांबतील, एवढाच हिशोब.

या हिशोबाकडे आपण परत येऊ. रेचललाही तो टोचत होता.

रफाहमध्ये तेव्हा घरं पाडली जात होती. इजिप्तच्या सीमेखालून भुयारांतून शस्त्रं येतात, सीमेलगतच्या घरांतून गोळीबार होतो, असं इस्रायली लष्कर म्हणत होतं, आणि सीमेवरची मोकळी पट्टी रुंद करत होतं. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेनं २००४ मध्ये मोजदाद दिली. चार वर्षांत गाझा पट्टीत २,५०० हून जास्त घरं पाडली गेली, त्यातली जवळपास दोन तृतीयांश एकट्या रफाहमध्ये. १६,००० माणसं बेघर झाली, म्हणजे गावातल्या दर दहा माणसांमागे एकाहून जास्त. यातली बरीच कुटुंबं १९४८ मध्ये आपापली गावं सोडून इथे आलेल्या निर्वासितांची. आजोबांचं घर एकदा गेलं होतंच, आता नातवाचं.

आज २००३ चं रफाह तुम्हाला दाखवायचं म्हटलं तर जुनी छायाचित्रंच काढावी लागतात. मे २०२४ मध्ये इस्रायली सैन्य शहरात शिरलं. त्याआधी उत्तरेकडून पळालेली दहा लाखांहून जास्त माणसं तिथे तंबूंत राहत होती. २४ मे रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयानं तिथली कारवाई थांबवण्याचा आदेश दिला. ती थांबली नाही.

[दृश्य: संगणकाचा जुना पडदा. मजकूर अस्पष्ट.]

रफाहमधून रेचल घरी ईमेल लिहायची. पुढे ही पत्रं जगभर वाचली गेली. मला त्यांतला राग जितका भिडतो, त्याहून जास्त तिचं स्वतःला तपासणं भिडतं. फेब्रुवारीत ती लिहिते की कितीही वाचलं, कितीही ऐकलं तरी इथली तयारी होत नाही. आणि इथे आल्यावरही मला दिसतं ते या लोकांचं जगणं नव्हेच. सैन्यानं विहीर फोडली तर पाणी विकत घ्यायला माझ्याकडे पैसे आहेत. निःशस्त्र अमेरिकन बाईला गोळी घातली तर सैन्याला जाब द्यावा लागेल, हे मला माहीत आहे. मला वाटेल तेव्हा मी निघून जाऊ शकते. मला घर आहे. मला समुद्र बघायला जायची परवानगी आहे.

समुद्र बघायची परवानगी. रफाहपासून भूमध्य समुद्र काही किलोमीटरवर. मध्ये तेव्हा इस्रायली वसाहती होत्या, त्यांच्या चौक्या होत्या. लाटांचा वारा येणाऱ्या गावातल्या मुलांना किनारा वर्ज्य होता.

आईनं मग तिला तो प्रश्न विचारला जो कुठल्याही आईनं विचारला असता. पॅलेस्टिनी लोक करतात त्या हिंसेचं काय?

प्रश्न पोकळ नव्हता. ५ मार्च २००३ ला, रेचलच्या मृत्यूच्या अकरा दिवस आधी, हैफामध्ये ३७ नंबरच्या बसमध्ये एका आत्मघातकी हल्लेखोरानं स्फोट घडवला. १७ माणसं गेली, त्यांत शाळकरी मुलं होती. इस्रायलमध्ये आपली मराठी बोलणारीही माणसं राहतात. अलिबाग, पेण, कोकणपट्टीतून गेलेले बेने इस्रायली ज्यू लोद, अश्दोद, दिमोना इथे आहेत. बसथांब्यावरची ती भीती त्यांच्याही घरात होती. बसमधल्या पोराला मारणं हा प्रतिकार नव्हे. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेलं गेलं, त्यालाही मी प्रतिकार म्हणणार नाही. हे बोलताना मला ‘पण’ लावायचा नाही.

रेचलनं आईचा प्रश्न टाळला नाही. तिनं लिहिलं त्याचा आशय असा. आपलं जगणं कुणी पुरतं आवळून टाकलं, आपण मुलाबाळांसह दिवसेंदिवस आकसत जाणाऱ्या जागेत राहत असतो, कुठल्याही क्षणी रणगाडा दारात येईल हे माहीत असतं, तर जे काही उरलंय ते वाचवायला आपल्यातल्या कितीजणांनी हातात काहीच घेतलं नसतं? आणि पुढे ती आईला आठवण करून देते की इथले बहुसंख्य लोक गांधींच्या वाटेनंच लढताहेत. गोळीबारात, पडणार हे ठाऊक असलेल्या घरात जी माणसं राहताहेत, ज्यांनी मला आसरा दिलाय, ती दुसरं काय करताहेत?

पॅलेस्टिनी लोकांचा यासाठी एक शब्द आहे. सुमूद. जागा न सोडणं. ऑलिव्हची झाडं तोडली तर पुन्हा लावणं, भिंतीला भोक पडलं तर बुजवून त्याच खोलीत झोपणं. बातमीत हे कधी येत नाही, कारण यात काही फुटत नाही.

[दृश्य: सेवाग्राम. बापू कुटी, सकाळ.]

गांधींचं नाव तिनं सहज घेतलं. या विषयावर गांधी आपल्या वर्ध्याजवळच्या सेगावात बसून लिहून गेलेत. सेगाव म्हणजे आजचं सेवाग्राम. नोव्हेंबर १९३८. पॅलेस्टाइनमध्ये दोन वर्षांहून जास्त काळ अरबांचं ब्रिटिश सत्तेविरुद्ध बंड पेटलेलं, आणि त्याच महिन्यात जर्मनीत ज्यूंची दुकानं फुटली, सिनेगॉग जळाले. ‘हरिजन’मधल्या त्या लेखात गांधी म्हणतात की इंग्लंड जसं इंग्रजांचं तसं पॅलेस्टाइन अरबांचं. अरबांच्या अत्याचारांचं ते समर्थन करत नाहीत, त्यांनी अहिंसेची वाट धरायला हवी होती असंच सांगतात. पण एवढ्या प्रचंड ताकदीसमोर त्यांनी केलेल्या प्रतिकाराला, जगानं मान्य केलेल्या न्याय-अन्यायाच्या मापानं, नावं ठेवता येणार नाहीत, असंही लिहितात.

त्याच लेखात त्यांनी जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला. तो आज वाचणंही जड जातं. मार्टिन बूबर हे तत्त्वज्ञ त्याच वर्षी जर्मनी सोडून जेरुसलेमला आले होते. त्यांनी गांधींना लांब पत्र लिहून विचारलं की छळछावणी म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक तरी आहे का, आणि या भूमीशी असलेलं आमचं नातं इतक्या सहज कसं पुसता? बूबरांचा सवाल खरा होता. युरोपनं ज्यूंना जे केलं त्याची भरपाई मात्र युरोपनं आपल्या जमिनीतून केली नाही.

२ नोव्हेंबर १९१७. बाल्फर जाहीरनामा. इंग्रजीत ६७ शब्द. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री पॅलेस्टाइनमधल्या ज्यू राष्ट्रीय गृहाला पाठिंबा देतात. तेव्हा त्या भूमीत दहातले नऊ रहिवासी अरब होते. त्या ६७ शब्दांत ‘अरब’ हा शब्द नाही. ‘तिथले ज्यू नसलेले समाज’ एवढाच उल्लेख. घरात राहणाऱ्या माणसाची ओळख काय, तर तो घरात राहायला येणारा नव्हे.

[दृश्य: याफाचं जुनं छायाचित्र. समुद्रकाठची दाट वस्ती.]

घर पाडण्याची रीतही तिथे इंग्रजांनीच रुळवली. जून १९३६ मध्ये बंडखोरांना चाप लावण्यासाठी ब्रिटिश सैन्यानं याफा या बंदराच्या जुन्या वस्तीत सुरुंग लावून रुंद रस्ते काढले. लोकांना सांगितलं, ही शहरसुधारणा आहे. ब्रिटिशांचेच सरन्यायाधीश मायकेल मॅकडॉनेल यांनी या खोटेपणावर निकालपत्रात ताशेरे ओढले, तेव्हा त्यांनाच घरी जावं लागलं. पुढच्या वर्षी कलकत्त्यात क्रांतिकारकांवर नजर ठेवून नाव कमावलेले पोलीस अधिकारी चार्ल्स टेगार्ट यांना पॅलेस्टाइनला धाडण्यात आलं. त्यांच्या सल्ल्यानं बांधलेली ठाणी आजही टेगार्टचे किल्ले म्हणून ओळखली जातात. १९४५ मध्ये ब्रिटिशांनी आणीबाणीचे नियम एकत्र केले. त्यातलं ११९ वं कलम शिक्षा म्हणून घर पाडायची मुभा देतं. ब्रिटिश गेले, कलम राहिलं, आणि इस्रायलनं ते वापरात ठेवलं.

रफाहमधली घरं या कलमाखाली पडली नाहीत, तिथे ‘लष्करी गरज’ हे कारण होतं. ज्याचं घर पडलं त्याला कलमाचा आकडा विचारून काय करायचंय?

[दृश्य: रेचलचं हातात कर्णा घेतलेलं छायाचित्र.]

आता त्या हिशोबाकडे. पासपोर्टच्या.

रेचलला कळत होतं की तिची ढाल तिच्या धैर्याची नव्हती. ती अमेरिकन होती, गोरी होती, म्हणून तिच्या जिवाची किंमत जास्त धरली जाईल, यावर सगळी मोहीम उभी होती. ज्या विषमतेविरुद्ध ती आली होती, तीच विषमता तिला जाकिटासारखी अंगात घालावी लागली. तिनं ते लपवलं नाही. इथली आठ वर्षांची मुलं जगातल्या सत्तेचा खेळ काही वर्षांपूर्वीच्या माझ्यापेक्षा चांगला ओळखतात, असंही तिनं लिहिलं. आपल्याच सरकारच्या पैशातून इस्रायलची शस्त्रं येतात, म्हणून आपण उपदेशक नाही, आपण या घटनेचे भागीदार आहोत, इथून तिचा विचार सुरू होतो. पॅलेस्टिनींनी कसं लढावं हे सांगायला पाश्चात्त्य जगात शेकडो माणसं होती, आहेत. ‘मी काय देणं लागते’ असं विचारणारी तेवीस वर्षांची मुलगी विरळा.

तिच्यावर टीकाही झाली. रफाहच्या निदर्शनात तिनं कागदावर काढलेला अमेरिकेचा झेंडा मुलांसमोर जाळला, ते छायाचित्र आजही तिच्याविरुद्ध दाखवलं जातं. मलाही ते आवडत नाही. एवढ्यानं तिचा प्रश्न खोडला जात नाही.

आणि एक गोष्ट मान्य करायला हवी. रफाहमध्ये त्या महिन्यांत मेलेल्या पॅलेस्टिनी माणसांवर आम्ही चित्रफीत करत नाही आहोत, रेचलवर करतोय. त्यांची नावं आम्हाला पाठ नाहीत. तिचं आहे.

पासपोर्टची ढाल तरी टिकली का? रेचलनंतर महिनाभरात टॉम हर्नडॉल या ब्रिटिश तरुणाला रफाहमध्येच डोक्यात गोळी लागली, नऊ महिन्यांनी तो गेला. ६ सप्टेंबर २०२४ ला वेस्ट बँकेतल्या बैता गावात आयशेनूर एज्गी एय्गी गोळी लागून गेली. वय सव्वीस. संघटना तीच, अमेरिकेतलं राज्यही तेच, वॉशिंग्टन.

[दृश्य: हैफा जिल्हा न्यायालयाची इमारत, बाहेरून.]

रेचल ज्या घरासमोर उभी होती, ते घर नंतर पाडलं गेलं. २००५ मध्ये त्या घरातलं कुटुंब अमेरिकेत आलं आणि क्रेग व सिंडी कॉरी, रेचलचे आईवडील, यांच्यासोबत गावोगाव फिरलं.

कॉरी कुटुंबानं कॅटरपिलरवर अमेरिकेत खटला भरला. तो चालवायलाच न्यायालयांनी नकार दिला, कारण यंत्रं अमेरिकन सरकारच्या पैशातून गेलेली, म्हणजे प्रश्न परराष्ट्र धोरणाचा. मग इस्रायल सरकारवर दिवाणी दावा, हैफामध्ये. सुनावणी मार्च २०१० मध्ये सुरू झाली. २८ ऑगस्ट २०१२ ला निकाल आला. खेदजनक अपघात, सरकार जबाबदार नाही, ती स्वतः धोक्याच्या जागी गेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपील फेटाळलं.

वडील क्रेग हे व्हिएतनाममध्ये लष्करी इंजिनिअर होते, बुलडोझर त्यांच्या हाताखाली चाललेले. पात्यापुढे काय आहे हे बघण्याची जबाबदारी यंत्र चालवणाऱ्याची असते, हे ते पुन्हा पुन्हा सांगत आले.

त्या सुनावणीत बुलडोझरचा चालक साक्षीला आला. सुरक्षेच्या कारणासाठी त्याचं नाव गुप्त ठेवलं होतं. न्यायालयात त्याच्यापुढे एक पडदा लावला होता. पडद्याआडून त्यानं सांगितलं की मला ती दिसली नाही. काही हातांवर क्रेग आणि सिंडी बसले होते. त्यांना आवाज ऐकू येत होता. चेहरा दिसत नव्हता.

[पडदा काळा.]