परिपत्रकाचा पक्षी

(दृश्य: हौद, लगदा, जाळी वर येते)

हौदात पाणी आहे आणि पाण्यात लगदा, जाळी आत जाते, आडवी होते, थोडी हलते आणि वर येते तेव्हा तिच्यावर एक ओला पातळ थर बसलेला असतो. हा कागद. अजून दाबायचाय, वाळवायचाय, पण कागद झालेलाय. हे कागजीपुरा, दौलताबादचा किल्ला मागं टाकून खुलताबादच्या रस्त्याला लागलं की येतं. 1327 मधे महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, देवगिरीचं दौलताबाद झालं, आणि त्याच काळात कागद करणारे कारागीर इथं येऊन राहिले असं सांगतात. म्हणजे ओरिगामी, कागदाला घड्या घालून आकार करायची कला, जपानची असली तरी कागदाशी आपल्या मराठवाड्याची ओळख सातशे वर्षांची होत आली, आणि पंख हलवणारा कागदी पक्षी शिकायला बसायच्या आधी हे एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून कॅमेरा आधी इथं आणला.

हा हातकागद जाड असतो. पत्रिका, फाईल, पिशव्या याला एकदम मस्त, पण आपल्या पक्ष्यात एकेका टोकाला बरेच थर जमतात आणि जाड कागद तिथं फुगून बसतो, नाहीतर घडीवर तडकतो. शिकताना पातळच कागद घ्या.

(दृश्य: शाळेचा व्हरांडा, लेकरं रांगेत बसलेली, पंखा बंद)

बीड जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा. चौथी-पाचवीची लेकरं, पंखा बंद केलाय कारण कागद उडायलेत. समोर जो गठ्ठा दिसतोय तो ऑफिसातल्या जुन्या परिपत्रकांचा, एका बाजूनं छापलेलं, दुसरी बाजू कोरी. यापेक्षा चांगला कागद शोधू नका. ऑनलाईन रंगीत ओरिगामी पेपरचे पॅकेट मिळतात, 15 सेंटिमीटरचे चौकोन, दिसतात छान, पण पहिला पक्षी शिकायला ते अजिबात लागत नाहीत हे मी परत परत सांगणार आहे. दोन बाजू वेगळ्या दिसल्या की झालं, कुठली बाजू वर हे लेकराला कळतं.

ए-4 कागद 21 बाय 29.7 सेंटिमीटर असतो. आखूड कड लांब कडेवर आणून ठेवायची, तिरपी घडी पडते, उरलेली पट्टी जोडून दुमडायची आणि फाडायची. 21 सेंटिमीटरचा चौकोन हातात. पट्टी फेकू नका, बुकमार्क होतो.

(क्लोजअप: नख घडीवरून फिरतंय)

आता इथं थांबा. हा शॉट मुद्दाम लांब ठेवलाय. छापील बाजू वर ठेवून ती मुलगी कोपऱ्यावर कोपरा आणायलीय, बघा, घडी दाबायची घाई नाही, आधी टोकं जुळवली, एका बोटानं धरून ठेवली, मग मधून बाहेरच्या बाजूला अंगठ्याचं नख फिरवलं. कागदाखाली पाटी घेतलीय, फरशीवर घडी नीट बसत नाही. पक्षी चांगला होणार का वाकडा हे इथंच ठरतं, शेवटी नाही. पहिल्या घडीत दोन मिलिमीटर सरकलं की पुढच्या प्रत्येक घडीत ते वाढत जातं आणि मग चोच होत नाही, आणि लेकरू म्हणतं मला येईना. त्याला येत असतं हो, त्याची पहिली घडी घाईत झालेली असते एवढंच.

तर दोन्ही कर्ण झाले, उघडले. कागद पालथा केला, कोरी बाजू वर. आता मधोमध आडवी घडी, उघडली, मधोमध उभी घडी, उघडली. कागदावर मधे आठ रेघा भेटल्या. त्यातल्या कर्णाच्या घड्या आता आपल्याकडं उंच उठलेल्या दिसतील आणि बाकीच्या दोन खोल गेलेल्या, तसं नसेल तर पालथा करायचं राहिलंय.

(दृश्य: कागद मिटतोय, तीन वेळा)

हा शॉट तीनदा दाखवतोय कारण सगळे इथंच अडकतात. एक कोपरा आपल्या पोटाकडं. बाकीचे तिन्ही कोपरे त्याच्यावर येऊन बसणार. डावा-उजवा कोपरा धरून खाली आणायचे, वरचा आपोआप मागोमाग येतो, जोर लावायचा नाही, घड्या बरोबर असतील तर कागदाला कुठं वळायचं ते माहीत असतं. चपटा केला की छोटा चौकोन. सुटी टोकं आपल्याकडं, बंद टोक वर. वर्गात बाईंनी इथं सगळ्यांना हात खाली ठेवायला लावले आणि मागच्या ओळीतल्या शेवटच्या मुलाचं होईपर्यंत पुढं गेल्या नाहीत. दोन-तीन पोरं चुळबुळ करायलीत, दिसतंय, पण मागच्या मुलाकडं बघा. असंच शिकवायला पाहिजे, कार्यानुभवाचा तास गणिताला देऊन टाकायचा नसतो.

पुढं, फक्त वरच्या थराच्या खालच्या सुट्या डाव्या-उजव्या कडा मधल्या रेघेवर. पतंगासारखा आकार. वरचा त्रिकोण त्याच्यावर खाली दुमडा, नख फिरवा. मग सगळं उघडा. त्याच घड्या एकदा उलट्या बाजूनंही मोडून ठेवा, म्हणजे पुढं कागद अडत नाही. आता वरच्या एकाच थराचं खालचं टोक उचलायचं, आडव्या घडीवर दुमडत पार वर न्यायचं, दोन्ही बाजू आत यायला लागतात, येऊ द्या, दाबा. लांब बारीक आकार झाला. पालथा करून मागंही तेच. आता एका बाजूला दोन सुटे पाय, दुसऱ्या बाजूला दोन पंख आणि पंखांच्या मधे लपलेला एक त्रिकोण. या आकाराला जगभर पक्ष्याचा पाया म्हणतात, याच्यातूनच जपानचा तो प्रसिद्ध क्रेन, म्हणजे क्रौंच पक्षी होतो. 1797 मधे जपानमधे छापलेल्या एका पुस्तकात एकाच कागदातून एकमेकांना चिकटलेले क्रेन कसे करायचे ते दिलंय. आणि आज चित्र बघून घडी घालता येते, कारण जपानचे ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावा यांनी विसाव्या शतकात खुणा बसवल्या, तुटक रेघ म्हणजे आत, रेघ-टिंब-रेघ म्हणजे बाहेर, बाण म्हणजे दिशा, त्यामुळं जपानी येत नसलं तरी काही अडत नाही. मराठीत डॉ. अनिल अवचट स्वतः ओरिगामी करायचे, शिकवायचे, ते बघून शिकलेली माणसं अजून घड्या घालतात.

(दृश्य: पाय उलटा होऊन वर येतो)

दोन पायांपैकी एक मान होणार, एक शेपूट. पायाचे थर जरा फाकवायचे, टोक त्यांच्या मधून वर ढकलायचं आणि तिरकं बाहेर काढायचं, मग दाबायचं. तसंच दुसरं. मानेच्या टोकाला परत तीच युक्ती छोट्या मापात, चोच झाली. डोकं कुठं वळवायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, इथं पस्तीस पक्षी असतील तर पस्तीस माना वेगळ्या. पंख पुढं-मागं खाली वाकवा, घडी घालू नका, फक्त बोटानं गोलाई द्या.

(दृश्य: पंख हलतात, वर्गात गलका, आवाज चालू ठेवा)

एका हातानं मानेखालची छाती धरायची, दुसऱ्या हातानं शेपूट ओढायची.

दिवाळीनंतर यातली काही लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला जातील.

पंख हलत नसतील तर बघा, तुम्ही मान धरलीय, छाती नाही. खाली धरा. तरी नाही हललं तर पंखांना घडी पडलीय, ती सरळ करून परत गोलाई द्या. शेपूट वर नाही, तिच्याच दिशेनं बाहेर ओढायची. आणि फाटला तर दुसरा घ्या, गठ्ठा मोठा आहे. दुसऱ्या वेळेला तोच 21 सेंटिमीटरचा चौकोन घ्या, तिसऱ्या वेळेला त्याचे चार करून बघा, आणि क्रेन करायचा असेल तर पाय वर काढायच्या आधी त्यांच्या कडा परत एकदा मधल्या रेघेवर आणून बारीक करा, बाकी सगळं हेच.