बार्बेक्यूची ऊब: विस्तवापासून वाढपाच्या पॅनपर्यंत

मित्रहो, आजच्या व्याख्यानात मांस कसे भाजावे, लाकूड कोणते घ्यावे किंवा धुरी किती वेळ द्यावी यांविषयी मी काहीही सांगणार नाही. भाजणी उत्तम झाली आहे असे आपण धरून चालू. विस्तवावरून उतरल्यापासून शेवटच्या पाहुण्याच्या ताटात पडेपर्यंतच्या चार-पाच तासांत त्या अन्नाचे काय होते, एवढाच आजचा विषय आहे. रात्रभर जागून केलेले काम अनेकदा याच तासांत वाया जाते, आणि त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे माणसे आजारी पडतात तीही याच तासांतल्या हयगयीमुळे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. वाढपाचा पॅन, त्याच्याखाली पाणी आणि ज्योत असली तरी, अन्न गरम राखण्याचे फार दुबळे साधन आहे. ऊब जपायची ती त्याआधी, अखंड तुकड्यांत आणि बंद पेटीत; पॅनमध्ये अन्न यावे ते थोडे, आणि राहावे तेही थोडाच वेळ.

प्रथम तापमानाचा हिशेब पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार शिजवलेले अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवावे आणि साध्या खोलीच्या तापमानाला ते दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये. ५ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा मानला जातो. निरनिराळ्या देशांच्या नियमांत हा आकडा थोडा खाली-वर असतो, म्हणून ज्या ठिकाणी काम करायचे तेथला नियम पाळावा. पण ६० ही शेवटची पायरी आहे, त्या पायरीवर उभे राहून काम करू नये. पॅनचे झाकण एकदा उघडले की वरचा थर पाहता पाहता काही अंश उतरतो, त्यामुळे ६५ ते ७० हा टप्पा धरून चालणे शहाणपणाचे ठरते.

हा पट्टा इतका महत्त्वाचा का, हे मांसाच्या बाबतीत विशेष समजून घेण्यासारखे आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपे, शिजवण्यातून जिवंत सुटतात. शिजण्याने स्पर्धक जिवाणू मरतात, मांसातला प्राणवायूही कमी होतो, आणि मग अन्न कोमट होऊ लागले की त्या बीजाणूंना मोकळे रान मिळते. साधारण ४३ ते ४७ अंशांच्या दरम्यान, सर्व काही अनुकूल असेल तेव्हा, त्यांची संख्या सुमारे दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. या वेगाने एका तासात ६४ पट आणि दोन तासांत ४,००० पटींहून अधिक वाढ होते. अशा अन्नाचा वास, रंग किंवा चव बदललेली असेलच असे नाही. मोठ्या प्रमाणावर मांस शिजवून ते कोमट राहू देणे ही या जिवाणूला हवी तशीच परिस्थिती आहे, आणि आपला व्यवसाय नेमका मोठ्या प्रमाणावर मांस शिजवण्याचा आहे. दुसरा धोका हातांचा. शिजलेले मांस उघड्या हाताने सोलले किंवा कापले तर त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस हा जिवाणू त्यात जातो, आणि कोमट मांसात त्याने एकदा विष तयार केले की ते नंतर उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून ‘पुन्हा गरम करून घेऊ’ हे प्रत्येक दुखण्यावरचे औषध नव्हे.

आता अन्न गार का होते ते पाहू. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो नीट कळला की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुचतात. गार होणे म्हणजे भांड्याच्या कडांतून उष्णता झिरपणे, अशी आपली कल्पना असते. पण उघड्या पॅनमध्ये मोठा तोटा वरच्या ओल्या पृष्ठभागावरून होणाऱ्या बाष्पीभवनाने होतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.३ किलोज्यूल उष्णता लागते आणि ती मांसातूनच घेतली जाते. पाच किलो मांसातून केवळ १०० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले, तर तेवढ्यानेच त्या सगळ्या मांसाचे तापमान जवळजवळ १३ अंशांनी उतरते, म्हणजे ७० अंशांवर आणलेला पॅन ५७ वर येतो. गार होणे आणि कोरडे पडणे या केटररला सतावणाऱ्या दोन तक्रारी मुळात एकच आहेत, हे यातून दिसते. झाकण घातले की वर गेलेली वाफ झाकणाखाली थिजून पुन्हा पाणी होते, आपली उष्णता तेथे सोडते आणि थेंबाच्या रूपाने परत खाली येते. म्हणून झाकण हे ज्योतीपेक्षाही मोठे साधन आहे. वारा असेल तर हा फरक आणखी वाढतो. उघड्यावरच्या कार्यक्रमात वाऱ्याच्या बाजूला आडोसा उभारणे हे जास्तीच्या ज्योती लावण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

मग खालची ज्योत काय करते? चेफिंग डिशमध्ये, म्हणजे खाली पाणी आणि ज्योत असलेल्या वाढपाच्या भांड्यात, ज्योत पाणी तापवते, पाण्याची वाफ वरच्या पॅनच्या बुडाला लागून थिजते आणि आपली उष्णता त्याला देते. बुडापर्यंत ही व्यवस्था उत्तम चालते. अडचण बुडाच्या वर सुरू होते. पातळ रस्सा असेल तर तो स्वतःच फिरतो आणि उष्णता वर नेतो. पण मांसाच्या कापांचा ढीग फिरत नाही. त्यात उष्णता कणाकणाने सरकते आणि तो प्रवास जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात लांबतो: जाडी दुप्पट, तर वेळ चौपट. दहा सेंटीमीटर उंच ढिगात खालची ऊब वरपर्यंत पुरती पोचायला कित्येक तास लागतील, आणि तोवर जेवण आटोपलेले असेल. त्यामुळे १०० किंवा १५० मिलिमीटर खोलीचा पॅन काठोकाठ भरून खाली इंधनाचे दोन डबे पेटवले की काम झाले, असे समजणाऱ्याच्या पॅनमध्ये तळाचा थर जास्त शिजत असतो आणि वरचा थर धोक्याच्या पट्ट्यात शिरत असतो. कापलेल्या मांसासाठी ६५ मिलिमीटरचा उथळ पॅन घ्यावा, तोही अर्धा-पाऊण भरावा, आणि झाकण लावून ठेवावे.

याच कारणाने चेफिंग डिशमध्ये गार अन्न गरम करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. आधी शिजवून गार केलेले मांस असेल तर ते ओव्हनमध्ये किंवा शेगडीवर दोन तासांच्या आत, आतपर्यंत ७४ अंशांना नेऊन मगच पॅनमध्ये आणावे. पाणीसुद्धा उकळतेच ओतावे. दोन लिटर पाणी २५ अंशांवरून ९० वर न्यायला सुमारे ५४० किलोज्यूल लागतात. डब्यातल्या ज्योतीची २०० वॉट उष्णता प्रत्यक्ष पाण्यात पोचते असे धरले, तरी त्यात पाऊण तास जातो. तेवढा वेळ पॅन गरम होत नाही, उलट अन्नाची ऊब खालच्या गार पाण्यात उतरत राहते. पाणी मध्येच आटले तर साखर घातलेला सॉस बुडाला धरतो, म्हणून दर तासाला पाणी पाहावे आणि भर घालायची ती गरम पाण्याचीच घालावी.

डब्यांविषयी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य नाही. मिथेनॉलवर चालणाऱ्या जेलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. डबा विझला असे समजून त्यात इंधन ओतणारा माणूस भाजतो. विझलेला वाटणारा डबा झाकण ठेवून गुदमरवावा, गार होऊ द्यावा आणि मग दुसरा लावावा. आणि कोळशाची धगधगती शेगडी पॅनखाली ठेवून बंद मंडपात किंवा खोलीत नेऊ नये, कारण कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो.

आता ज्या साधनावर माझा खरा भर आहे त्याकडे येतो: बंद, जाड भिंतींची पेटी. गार पेये ठेवण्याची पेटीही चालते, कारण तिच्या भिंती उष्णतेची वाट अडवतात, मग ती वाट आतून बाहेर असो की बाहेरून आत. पेटीत आधी अर्धा तास गरम पाणी भरून ठेवावे, मग ते ओतून टाकून पेटी पुसावी. नाहीतर भिंती तापण्यातच मांसाची ऊब खर्च होते. मांस अखंड तुकड्यात, फॉइलमध्ये किंवा कागदात गुंडाळून ठेवावे आणि उरलेली पोकळी स्वच्छ टॉवेलांनी भरावी. भरलेली पेटी अर्ध्या रिकाम्या पेटीपेक्षा कितीतरी जास्त वेळ ऊब धरते. ब्रिस्केटसारखा (छातीचा) किंवा खांद्याचा मोठा तुकडा अशा पेटीत कित्येक तास ६० अंशांच्या वर राहतो. एवढेच नव्हे, या विसाव्यात तो सुधारतो: मांसाला चिवटपणा देणारे कोलॅजेन भाजताना वितळून जिलेटिन झालेले असते, ते आता दाट होते, रस तंतूंमध्ये स्थिरावतो आणि सुरी लावल्यावर फळीवर वाहून जात नाही. वीज असेल आणि ६५ अंशांवर ठेवणारे कपाट मिळत असेल तर ते अधिक भरवशाचे. फक्त ९० अंशांच्या पुढे गेलेला तुकडा थोडा वेळ उघडा ठेवून ७५ च्या आसपास उतरू द्यावा आणि मग आत ठेवावा, म्हणजे तो आत शिजत राहून भुसभुशीत होणार नाही.

तुकडा अखंड आहे तोवर त्याची ऊब आणि रस त्याच्याच ताब्यात असतात. काप केले की पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि मघाचे बाष्पीभवन प्रत्येक कापावर सुरू होते. म्हणून कापणी वाढपाच्या जवळ, पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढ्याच मांसाची करावी. हे सांगायला सोपे आणि करायला अवघड आहे, कारण त्यासाठी कापणारा एक अनुभवी माणूस शेवटपर्यंत फळीवर उभा ठेवावा लागतो. पण माझ्या मते केटररने जास्तीच्या मजुरीचा पैसा खर्च करायचा तो येथेच. जेथे ते शक्यच नाही तेथे तंतू सुटे केलेले, म्हणजे पुल्ड मांस निवडावे. त्याचाच गाळलेला रस चरबीसह परत घालून ते झाकून ठेवले तर पॅनमध्ये ते इतर कोणत्याही प्रकारापेक्षा चांगले टिकते. बरगड्या उभ्या न रचता एकमेकींवर आडव्या, मांसाची बाजू वर करून ठेवाव्यात. कोंबडीचे कातडे मात्र वाफेत मऊ होणारच. ती सर्वांत शेवटी भाजून थेट वाढावी.

येथे एक खरा पेच आहे, आणि तो पुरता सुटत नाही. झाकणामुळे ओल राहते, पण त्याच ओलीने बाहेरची खरपूस, मसालेदार साल नरमते. झाकण काढले तर साल टिकते आणि मांस कोरडे व गार होते. काही जण झाकणाची एक कड किंचित उघडी ठेवतात, काही जण फॉइलऐवजी कागद वापरतात, आणि दोन्हींचा थोडा उपयोग होतो. पण निवड करायचीच असेल तर मी तापमान आणि ओल निवडेन. सालीची काळजी घ्यायची तर ती पॅनमधला मुक्काम लहान करून घ्यावी.

पॅनमध्ये नवे अन्न जुन्यावर ओतू नये. अर्धा संपलेला पॅन उचलावा आणि दुसरा भरलेला, गरम पॅन त्याच्या जागी ठेवावा. अन्यथा सकाळपासूनचा एक थर तळाशी तसाच राहतो आणि त्याचे वय कोणालाच सांगता येत नाही. सॉस वेगळ्या भांड्यात गरम ठेवावा. व्हिनेगर किंवा टोमॅटो असलेला सॉस स्टीलच्या पॅनमध्ये असताना त्याला टेकेल अशी ॲल्युमिनियमची फॉइल लावू नये. दोन धातू आणि आंबट द्रव यांच्या संयोगाने फॉइलला काळी छिद्रे पडतात आणि तो धातू अन्नात उतरतो.

हे सगळे नीट चालले आहे की नाही, हे थर्मामीटरच सांगतो. धुरी दिलेले मांस पूर्ण शिजूनही गुलाबी दिसते, वाफ दिसणाऱ्या पॅनचा वरचा कोपरा ५० अंशांवर असू शकतो; रंग आणि वाफ हे दोन्ही साक्षीदार कच्चे आहेत. टोकदार कांडीचा थर्मामीटर घ्यावा, तो बर्फ घातलेल्या पाण्यात शून्य दाखवतो का हे कामाआधी पाहावे, आणि दर अर्ध्या तासाने पॅनच्या मध्यभागी व कोपऱ्यात, वरच्या थरात वाचन घेऊन वेळेसह लिहून ठेवावे. वाचन ६० च्या खाली आले आणि शेवटचे चांगले वाचन अर्ध्या तासापूर्वीचे असेल, तर तो पॅन ताबडतोब ७४ अंशांपर्यंत तापवून परत आणता येतो. तो केव्हापासून खाली आहे हे लिहिलेलेच नसेल, तर तो टाकून द्यावा.

उरलेल्या अन्नाबाबत पाहुण्यांसमोर उघडे राहिलेले मांस परत आणू नये. पेटीतून बाहेर न आलेले मांस ठेवायचे असेल तर ते दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि त्यापुढील चार तासांत ५ अंशांपर्यंत उतरले पाहिजे. येथे उथळ पॅनचा स्वभाव आपल्या बाजूने येतो: मोठे तुकडे कापून पातळ थरात पसरावेत, वाफ जाऊ द्यावी, आणि मग झाकून फ्रीजमध्ये एकमेकांवर न रचता, मध्ये हवा खेळेल असे ठेवावेत.