मेन टाकण्याआधी

(सांगलीच्या गावभागातल्या रहिवाशांसमोर पावसाळ्याच्या तोंडावर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. इथं बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरात २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी होतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट. त्याआधीचा मोठा पूर २००५ चा. तेव्हा मी नवा होतो, वायरमनचा परवाना हातात येऊन फार दिवस झाले नव्हते. त्यानंतर पूर ओसरला किंवा वळवाचं वादळ होऊन गेलं की घरं तपासत फिरणं हेच माझं काम झालं. त्यातलं जे कळलं ते सांगायला आलोय.

पाणी उतरलं की सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘लाईट कधी येणार?’ लाईट वरून खाली येते. आधी मोठं उपकेंद्र, मग ३३/११ केव्हीचं, म्हणजे तेहतीस हजार व्होल्टचे अकरा हजार करणारं उपकेंद्र, तिथून ११ केव्हीचा फीडर, म्हणजे भागाची मुख्य लाईन, फीडरवरून आपल्या गल्लीतली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, डीपीवरून खांबांवरच्या लघुदाबाच्या तारा आणि सगळ्यात शेवटी आपली सर्व्हिस वायर. पाणीपुरवठा आणि दवाखान्यांचे फीडर आधी घेतात, आणि ते बरोबरच आहे. फीडरवर दोष असेल तर एबी स्विच, म्हणजे खांबावरचे लाईन तोडायचे स्विच, उघडून एकेक तुकडा चालू करत जावं लागतं. कुठं झाड पडलेलं असतं, कुठं दोन तारा जोडणारा तुकडा, जंपर, तुटलेला असतो, कुठं तारेखालची चिनीमातीची वाटी, पिन इन्सुलेटर, फुटलेली असते. डीपी पाण्यात गेली असेल तर ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासावं लागतं. पाणी शिरलेल्या तेलावर ट्रान्सफॉर्मर चालू केला तर तो आतल्या आत जळतो आणि गल्ली आणखी आठ दिवस अंधारात जाते. म्हणून उपकेंद्रावर जाऊन ऑपरेटरशी भांडू नका. १९१२ वर तक्रार नोंदवा, तुमच्या भागात खांब पडलाय की तार तुटलीय ते नेमकं सांगा. तेवढ्यानं त्यांचा शोधायचा वेळ वाचतो.

लाईनवर चढणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून बोलायचंय. तो परमिट, म्हणजे काम करायची परवानगी घेतो, लाईन बंद झाल्याची खात्री करतो, तारा अर्थ करतो, म्हणजे जमिनीला जोडतो, आणि मग चढतो. पण खालच्या एखाद्या घरात कुणी जनरेटर आणून थेट बोर्डाच्या सॉकेटमध्ये जोडलेला असतो. मेन बंद केलेला नसतो, एका वेळी लाईन किंवा जनरेटर एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच नसतो. ती वीज सर्व्हिस वायरनं उलटी खांबावर जाते, खांबावरून डीपीत. डीपी जशी अकरा हजाराचे चारशे करते, तशी उलट्या बाजूनं चारशेचे अकरा हजारही करते. तुमच्या घरातले दोन बल्ब आणि टीव्ही चालावा म्हणून वर एखाद्या पोराचा जीव जाऊ शकतो. जनरेटर आणणार असाल तर चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. नाहीतर ती रात्र मेणबत्तीवर काढा.

तुटून पडलेल्या तारेबद्दल शहरातल्या माणसाला थोडंफार माहीत असतं. तासगाव, कवठेमहांकाळकडं मात्र एक वेगळा धोका आहे. द्राक्षबाग लोखंडी अँगल आणि तारांवर उभी असते. वादळात वरची तार बागेच्या एका कोपऱ्यावर पडली, तर शंभर फुटांवर वेल बांधणाऱ्या माणसाच्या हाताखालची तारही जिवंत होऊ शकते. त्याला पडलेली तार दिसतसुद्धा नाही. कपडे वाळत घालायच्या तारेचं आणि पत्र्याच्या शेडचंही तसंच. आणखी एक बघा. कोरड्या, मुरमाड जमिनीवर पडलेल्या तारेतून करंट कमी वाहतो, त्यामुळं कधीकधी उपकेंद्रातला ब्रेकर ट्रिपच होत नाही, म्हणजे लाईन आपोआप तुटत नाही. तार शांत पडलेली दिसते, ठिणगी नाही, आवाज नाही. वरून ऑपरेटर फीडरची ट्रायल घेतो, म्हणजे तो चालू करून बघतो, तेव्हा बंद तारही क्षणात चालू होते. वादळानंतर बागेत शिरायच्या आधी बांधावरून चक्कर मारा आणि वर बघत चाला.

आता घराकडं येतो. मीटरपर्यंतचं काम कंपनीचं, मीटरच्या पुढचं आपलं. इथंच माझ्या हातून चूक झाली होती, ती सांगतो.

२००५ च्या पुरानंतर एका जुन्या घराचं काम माझ्याकडं आलं. पुढचा भाग पांढऱ्या मातीच्या भिंतींचा, मागं विटांचं नवीन बांधकाम, त्यात वायरिंग भिंतीच्या आतून. मी बोर्ड उघडले, गाळ काढला, स्विच-सॉकेट नवे बसवले. चार दिवस पंख्याची हवा दिली. हात लावला तर सगळं कोरडं. टेस्टर लावला, ठीक वाटलं, मेन टाकला. आठवड्यानंतर त्या घरातल्या आजींनी मोरीतला नळ सोडला आणि झटका बसून त्या मागं पडल्या. मनगट मोडलं, जीव वाचला. भिंत फोडली तेव्हा कळलं. वायरिंगच्या पाईपच्या बेंडमध्ये, म्हणजे वळणात, पाणी साचून राहिलं होतं. तिथंच कुणीतरी पूर्वी वायरला जोड दिलेला आणि त्यावरची टेप कुजलेली. करंट ओल्या भिंतीतून नळाच्या लोखंडी पाईपला मिळत होता. अर्थिंगची तार खालून गंजून तुटलेली, आणि वीज झिरपली की पुरवठा तोडणारा अर्थ लिकेज ब्रेकर त्या घरात नव्हताच. आजी आज नाहीत, पण तो नळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यानंतर मी मेगरशिवाय घर चालू केलेलं नाही. मेगर म्हणजे वायरच्या आवरणाची ताकद मोजायचं यंत्र. ते वायर आणि अर्थ यांच्यामध्ये ५०० व्होल्ट लावून दाखवतं की वीज कुठून झिरपतेय का. मेन बंद, सगळे प्लग बाहेर, बल्ब काढलेले, आणि मग एकेका सर्किटचं माप. निदान १ मेगाओम यायला हवा. २०१९ ला कित्येक घरांत पहिल्या दिवशी काटा शून्याला चिकटून बसायचा, आणि भिंती तर हाताला कोरड्या लागायच्या. बोर्ड उघडे ठेवायचे, पाईपातलं पाणी काढायचं, जोड असतील तिथं वायर बदलायची आणि परत मोजायचं. काही घरांना दहा-बारा दिवस लागले. लोक रागावले, शेजारी लाईट आली आणि आमच्याकडं का नाही म्हणाले. रागावू द्या.

पाण्यात बुडालेला एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद पडणारा स्विच), अर्थ लिकेज ब्रेकर, मेन स्विच वाळवून परत वापरायचा नाही. आत बारीक गाळ राहतो, आणि गरज पडते तेव्हा ब्रेकर ट्रिप होत नाही. वायर मात्र चांगल्या प्रतीची आणि बिनजोडाची असेल तर बऱ्याचदा वाचते. फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर कारागिराकडं उघडून दाखवल्याशिवाय लावू नका. नदीकाठच्या मोटरी शेतकरी पाणी चढायच्या आधी वर काढतात. ज्यांना वेळ मिळाला नाही त्यांनी वाइंडिंग वाळवून, वार्निश मारून, मेगर करूनच मोटर खाली सोडावी. स्टार्टर तर बदलाच.

लाईट प्रत्यक्ष येते त्या दिवशीचं एक सांगतो. वादळानंतर घाईत तारा जोडताना न्यूट्रल सुटलेला राहिला, तर घरात २३० च्या जागी चारशेपर्यंत व्होल्ट येऊ शकतात. म्हणून पुरवठा आला की सगळं बंद ठेवून आधी एकच साधा काचेचा बल्ब लावा. तो नेहमीपेक्षा पांढराफटक पेटला किंवा कमी-जास्त होत राहिला, तर ताबडतोब मेन खाली. शेजाऱ्यांनाही हाक मारून सांगा, कारण न्यूट्रल एकाच घराचा सुटलेला नसतो.

आणि घरात पाणी असताना, अंग ओलं असताना, मेनला हात लावायला जायचं नाही. पाणी चढतंय असं दिसलं की जाताना मेन पाडून जा. परत येताना पायात कोरडी रबरी चप्पल हवी.

मेगर मी सोबत आणलाय, इथं टेबलावर आहे. शेजारी २०१९ मधला एक बुडालेला एमसीबी उघडून ठेवलाय, त्यातला गाळ अजून तसाच आहे. पुढं या, हातात घेऊन बघा.